किरणोत्सर्गी स्रोत दुसऱ्याच्या ताब्यात देताना

सीलबंद स्रोत (कॅप्सूलमध्ये बंद केलेला किरणोत्सर्गी पदार्थ), न्यूक्लिअर गेज (असा स्रोत वापरून मोजमाप करणारे यंत्र) किंवा रेडिओग्राफी कॅमेरा घेणाऱ्या, विकणाऱ्या आणि परत करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी ही माहिती. भाड्याने देणे, दुरुस्तीला पाठवणे, वापर संपल्यावर पुरवठादाराकडे परत पाठवणे हेही हस्तांतरणच आहे, आणि लोक नेमके तेच विसरतात. अर्ज आणि मुदती देशागणिक वेगळ्या असतात. मूळ नियम मात्र एकच: घेणाऱ्याला हा माल ठेवण्याची परवानगी आहे याची खात्री देणाऱ्याने करायची, तीही माल हलण्याआधी.

परवाना नीट वाचा

"लायसन्स आहे आमच्याकडे" एवढ्या शब्दावर माल सोडू नका. प्रत मागवा. समस्थानिक, त्याचे रूप, कमाल मात्रा, ठेवण्याचा पत्ता आणि मुदत तपासा. सीझियम-१३७ च्या परवान्यावर कोबाल्ट-६० घेता येत नाही. सीलबंद स्रोताच्या परवान्यावर द्रावण घेता येत नाही. सगळ्यात जास्त घोटाळा मात्रेत होतो, कारण मर्यादा पुष्कळदा एकूण साठ्याची असते. मर्यादा ७.४ टेराबेकरेल (बेकरेल हे किरणोत्सर्गी मात्रेचे एकक) असेल आणि कपाटात आधीच ४.५ पडून असतील, तर ३.७ चा नवा इरिडियम-१९२ तिथे जाऊ शकत नाही. जुना आधी परत गेला पाहिजे.

प्रमाणपत्रावरची मात्रा त्यावरच्या तारखेची असते. इरिडियम-१९२ चे अर्धायुष्य (मात्रा निम्मी व्हायला लागणारा काळ) सुमारे ७४ दिवसांचे, म्हणजे ३.७ टेराबेकरेलचे १४८ दिवसांनी ०.९२५ उरतात. पाठवण्याच्या दिवशीची मात्रा काढा आणि सगळ्या कागदांवर तीच लिहा. अमेरिशियम-२४१ चे अर्धायुष्य ४३२ वर्षांचे, तिथे हा हिशेब नावापुरता. जुने कागद क्युरीत असतील तर १ क्युरी म्हणजे ३७ गीगाबेकरेल. मिली आणि मायक्रोची गल्लत झाली की चूक थेट हजारपटीची.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या वर्गीकरणात (पहिला गट सगळ्यात धोकादायक) ०.८ टेराबेकरेल किंवा त्याहून जास्त इरिडियम-१९२ दुसऱ्या गटात किंवा त्याच्याही वर येते. पहिल्या दोन गटांसाठी नुसत्या प्रतीवर विसंबू नका, नियामकाकडून थेट खात्री करून घ्या. स्कॅन केलेल्या कागदावर आकडा बदलणे कठीण नसते.

रेडिओग्राफी कॅमेऱ्यातला स्रोत काढला तरी बऱ्याच मॉडेलमध्ये शिल्डिंग (किरण अडवणारे कवच) डिप्लीटेड युरेनियमचे असते, आणि तेही किरणोत्सर्गीच. "रिकामा" म्हणून तो साध्या कुरिअरने पाठवता येत नाही, आणि बहुतेक ठिकाणी घेणाऱ्याच्या परवान्यात त्या युरेनियमचाही उल्लेख लागतो.

पॅकिंग आणि लेबल

मातीचा ओलावा मोजणाऱ्या गेजमध्ये साधारण १.४८ गीगाबेकरेलचा अमेरिशियम-बेरिलियम स्रोत असतो. स्पेशल फॉर्म प्रमाणपत्र (स्रोताची कॅप्सूल सहज फुटणारी नाही याचा दाखला) चालू असेल तर टाइप ए पॅकेजमध्ये (ठराविक मात्रेपर्यंतच्या मालाची वाहतूक पेटी) अमेरिशियम-२४१ ची मर्यादा १० टेराबेकरेल आहे. ते प्रमाणपत्र नसेल किंवा मुदत संपली असेल तर मर्यादा ०.००१ टेराबेकरेल, म्हणजे १ गीगाबेकरेल. तेच गेज, तीच पेटी, आणि केवळ कागदापायी टाइप ए नियमाबाहेर. गेजसोबत हा कागद नेहमी जपून ठेवा.

लेबल ठरवायला दोन मापे लागतात: पॅकेजच्या पृष्ठभागावरचा आणि १ मीटरवरचा सर्वाधिक डोस रेट. १ मीटर अंतरावरचा आकडा मिलिसीव्हर्ट प्रति तासात घेऊन १०० ने गुणला की ट्रान्सपोर्ट इंडेक्स मिळतो. पृष्ठभागावर ०.५ पर्यंत आणि इंडेक्स १ पर्यंत असेल तर पिवळे-दोन लेबल. त्यापुढे २ मिलिसीव्हर्ट आणि इंडेक्स १० पर्यंत पिवळे-तीन. समजा पृष्ठभागावर ०.४ आहे, पण १ मीटरवर ०.०१३. इंडेक्स १.३ येतो, म्हणून लेबल पिवळे-तीनच. दोन मापांतले कडक तेच धरायचे. सर्व्हे मीटर (डोस रेट मोजणारे यंत्र) पेटीच्या सगळ्या बाजूंनी फिरवा. स्रोत दर वेळी मधोमध बसलेला नसतो आणि एकाच बाजूचे माप घेणारे इथेच फसतात. लेबल समोरासमोरच्या दोन बाजूंवर लावा, मागच्या फेरीची लेबले काढून टाका.

पेटीवर पुसून घेतलेल्या दूषणाची मर्यादा बीटा-गॅमासाठी ४ बेकरेल प्रति चौरस सेंटीमीटर आहे, बहुतेक अल्फासाठी ०.४. सीलबंद स्रोताची गळती चाचणी ताजी हवी. २०० बेकरेलच्या वर आली तर स्रोत गळका समजा, पाठवू नका.

माल पोहोचल्यावर

घेणाऱ्याने सील, स्रोताचा क्रमांक आणि डोस रेट लगेच तपासून लेखी पोच द्यावी. क्रमांक जुळत नसेल तर पेटी बंदच ठेवून आम्हाला कळवा. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी माल पाठवू नका. बंद ऑफिसच्या दारात पेटी ठेवून गाडी निघून जाते. ठरल्या वेळी पोच आली नाही तर शोध देणाऱ्यानेच सुरू करायचा.

धंदा विकला किंवा जागा बदलली तर परवाना आपोआप नव्या मालकाकडे जात नाही. ब्राझीलमधल्या गोयानियात एका रेडिओथेरपी संस्थेने जागा सोडताना सीझियम-१३७ चे यंत्र मागेच ठेवले आणि नियामकाला कळवले नाही. १९८७ मध्ये ते भंगारवाल्याकडे पोहोचले, सुमारे ५० टेराबेकरेलच्या त्या स्रोताने चार जणांचा जीव घेतला.

मागणी किंवा परतीची नोंद करताना परवान्याची पूर्ण प्रत, सध्याच्या साठ्याची यादी, माल उतरवण्याचा पत्ता आणि किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याचा फोन नंबर पाठवा. यातले काही कमी असेल तर तारीख देता येणार नाही.