इंजिन बदललं, आता क्लच कोणता घ्यायचा?

जुन्या फोर-बाय-फोरमध्ये दुसरं इंजिन बसवलेले ग्राहक आम्हाला बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात: क्लच गाडीचा मागवू की इंजिनाचा? आमचं उत्तर असं, की थोडा गिअरबॉक्सचा आणि थोडा फ्लायव्हीलचा (इंजिनाच्या टोकाला बसणारं जड चाक). क्लच प्लेटच्या हबमधल्या खाचा गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसायला हव्यात. प्लेटचा व्यास आणि प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या भागाच्या) बोल्टांची भोकं फ्लायव्हीलवर ठरतात, आणि ते बहुधा नव्या इंजिनाबरोबरच आलेलं असतं. किती टॉर्क पेलायचा, हे मात्र इंजिनावरून ठरतं.

म्हणून कृपया नुसतं मॉडेल सांगून क्लच मागवू नका. लँड रोव्हरच्या सिरीज गाड्यांचंच घ्या. आधी ९ इंची क्लच आणि कॉइल स्प्रिंगांची प्रेशर प्लेट असे, पुढे ९.५ इंची डायफ्रामचा, म्हणजे बोटं असलेल्या चपट्या गोल स्प्रिंगचा क्लच आला. त्यात इतक्या वर्षांत आधीच्या मालकांनी काय काय बदललं असेल, ते गाडी खोलल्याशिवाय कळत नाही.

मोजमाप शाफ्टवरच घ्या, जुन्या प्लेटवर नको. खाचा मोजा आणि बाहेरचा व्यास व्हर्नियरने घ्या. खाचांची संख्या जुळली म्हणजे प्लेट बसलीच, असं नसतं. नवी प्लेट शाफ्टवर हाताने अलगद सरकली पाहिजे, पण गोल हलवून पाहिलं तर खडखडता कामा नये.

हबच्या स्प्रिंगांकडेही लक्ष द्या. आमच्याकडे एक गाडी आली होती. क्लच नवाकोरा, तरी गिअर पडत नव्हता. खोलून पाहिलं तर फ्लायव्हीलच्या बोल्टांच्या डोक्यांवर घासून चकचकीत वर्तुळ उमटलेलं. प्लेट उलटी बसवली होती आणि स्प्रिंगांचा फुगवटा बोल्टांना टेकत होता. प्लेटवर बहुधा ‘फ्लायव्हील साइड’ लिहिलेलं असतं, ते वाचूनच बसवा. बाजू बरोबर असली तरी वेगळ्या इंजिनाचे बोल्ट उंच असू शकतात, तेव्हा मधली जागा तपासा.

सगळ्यात कडक क्लच हवा का?

नको. क्लच किती टॉर्क पेलेल, हे काढायला प्लेटच्या घासणाऱ्या बाजूंची संख्या (दोन), घर्षण गुणांक, प्रेशर प्लेटचा दाब आणि लायनिंगची (प्लेटवरच्या घर्षणाच्या थराची) सरासरी त्रिज्या यांचा गुणाकार करायचा. गुणांक ०.३, दाब ५,००० न्यूटन आणि त्रिज्या ०.१ मीटर धरली तर ३०० न्यूटन-मीटर येतात. २३५ न्यूटन-मीटरच्या इंजिनाला एवढा क्लच पुरेसा आहे. पाव पट जास्तीची ताकद आम्ही ठेवतोच. टायर मोठे घातले असतील किंवा ट्रेलर ओढायचा असेल, तर आणखी थोडी धरू.

सिरॅमिक पॅडची प्लेट उष्णता छान सोसते, पण झटक्याने पकडते. दगडांवर इंच-इंच पुढे सरकताना तो झटका थेट जुन्या हाफ शाफ्टांवर (चाकं फिरवणाऱ्या दांड्यांवर) बसतो. अशा वापराला आम्ही साधं ऑरगॅनिक लायनिंगच देतो. डिझेल इंजिन असेल तर हबला स्प्रिंगा असलेलीच प्लेट घ्या, नाहीतर इंजिनाचे हादरे गिअरबॉक्समध्ये वाजतात. चढावर हाफ क्लच धरण्यापेक्षा लो रेंज (फोर-बाय-फोरचे जास्त ताकदीचे, कमी वेगाचे गिअर) वापरा. क्लच किती टिकेल, ते बरंचसं या सवयीवर आहे.

पेडलपासून बेअरिंगपर्यंत

पेडल पूर्ण दाबूनही गिअर कर्रकन् वाजत असेल, तर लगेच प्लेटला दोष देऊ नका. हायड्रॉलिकमधली हवा काढा, मग सिलिंडर मोजा. मास्टर सिलिंडर (पेडलकडचा) १९ मिलिमीटरचा, स्लेव्ह (क्लचकडचा) २२ मिलिमीटरचा असेल, तर मास्टर २५ मिलिमीटर सरकल्यावर स्लेव्ह साडेअठराच सरकतो. वेगळ्या प्रेशर प्लेटला तेवढं पुरेलच असं नाही. नवं इंजिन जुन्या गिअरबॉक्सला जोडायला मध्ये अडॅप्टर प्लेट लावली असेल तर गिअरबॉक्स तिच्या जाडीइतका मागे जातो. शाफ्टचं टोक क्रँकमधल्या पायलट बुशात नीट शिरतं का आणि पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग डायफ्रामच्या बोटांपर्यंत पोचतं का, हे सगळं पुन्हा जोडून टाकण्याआधी पाहा. नंतर कळलं, तर गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो.

एक कळकळीची विनंती: जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. बेल हाउसिंगमधली (क्लचभोवतीच्या कवचातली) धूळ हवेच्या पाइपने उडवू नका. ती ओल्या फडक्याने पुसा आणि पुसताना योग्य मास्क लावा.

ऑर्डर देताना इंजिनाचा आणि गिअरबॉक्सचा नंबर, शाफ्टची मापं, अडॅप्टरची जाडी आणि टायरचा आकार कळवा. फ्लायव्हीलच्या तोंडावर पट्टी ठेवून समोरून एक फोटो पाठवा, त्यात बोल्टांची भोकं स्पष्ट दिसू द्या.