रीफवर पाय टेकवायचा नाही

श्रीलंकेच्या सर्फ ट्रिपसाठी फोन आला की प्रश्न ठरलेला असतो, "भाऊ, पोहता येतं, वेलिगमाला बोर्डवर उभं राहून झालं, मग ट्रिपआधी टँकवर सरावाचे दोन रविवार कशाला?" सांगतो.

आपण नागपूरवाले टँकमध्ये पोहायला शिकलो. दम लागला की पाय खाली, फरशी लागते, उभं राहायचं. ही सवय इतकी मुरलेली असते की बोर्डवरून पडल्यावर पाय आपोआप खाली जातात. वेलिगमाला खाली वाळू आहे, खपून जातं. रीफवर, म्हणजे पाण्याखालच्या खडकाळ पट्ट्यावर, प्रवाळ आणि फटीफटीत काळे सी अर्चिन, काटेरी गोळ्यासारखे प्राणी. गेल्या फेब्रुवारीत एका कस्टमरने मस्त लाट पकडली, शेवटपर्यंत नेली आणि खुशीत उडी मारून उभा राहिला, पाणी गुडघ्याएवढं, तळव्यात सात काटे. त्याचे उरलेले चारही दिवस किनाऱ्यावर गेले, फार वाईट वाटलं.

लाट तिच्या उंचीच्या साधारण 1.3 पट खोलीत फुटते, म्हणजे मीटरभर लाटेखाली जेमतेम छातीएवढं पाणी, आणि लाटेसोबत आत सरकलं की अजून कमी. तिकडे भरती-ओहोटीचा फरक मीटरभरही नसतो, तरी रीफवर वीतभर पाणी कमी झालं तरी जाणवतं, म्हणून ओहोटीला आम्ही उतरवत नाही, कितीही आग्रह केला तरी.

पडायचं ते पाठीवर नाहीतर कुशीवर, चटईसारखं पसरून, सूर मारायचा नाही. वर येताना हात डोक्यावर. मग लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधणारी दोरी, ओढा, बोर्डवर पालथे व्हा आणि चॅनलकडे पॅडल करा, म्हणजे रीफच्या बाजूच्या खोल पट्ट्याकडे, तिथे लाट फुटत नाही. रीफची खरी मजा हीच आहे, तळ हलत नाही त्यामुळे लाट रोज त्याच जागी फुटते, इंटरमिजिएटला लाइन, म्हणजे लाटेवरची वाट, शिकायला यापेक्षा चांगलं काही नाही.

आमची रीफ वेलिगमाजवळच्या मिडीगमाकडची आहे, नाव मुद्दाम छापत नाही, गर्दी नाही तोवरच ती छान आहे. एका वेळी चारच जण, पहाटे. सीझन नोव्हेंबर ते एप्रिल. रीफ बूट फीमध्येच आहेत. खरचटलं तर लपवू नका, त्याच दिवशी सांगा, प्रवाळाचा कण आत राहिला की जखम चिघळते.

जानेवारीच्या बॅचला दोन जागा आहेत. बुकिंग करताना व्हिडिओ पाठवा, उभं राहिल्याचा नको, पडतानाचा पाहिजे.