ॲस्फाल्ट जंगल, द

फसलेल्या दरोड्यावरील अमेरिकन कृष्णधवल गुन्हेपट (१९५०). दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन, निर्मितीसंस्था एमजीएम. डब्ल्यू. आर. बर्नेट यांच्या १९४९ मधील कादंबरीवर तो आधारलेला आहे. तुरुंगातून नुकताच सुटलेला डॉक (सॅम जॅफी) एका जवाहिऱ्याची तिजोरी फोडण्यासाठी टोळी जमवतो आणि कर्जबाजारी वकील एमरिक (लुई कॅलहर्न) टोळीला दगा देतो.

दरोडापटाचा आरंभ कोठे मानावा, याविषयी मतभेद आहेत. काही जण तो ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ (१९०३) पर्यंत मागे नेतात. परंतु तेथे आखणीला स्थान नाही. रॉबर्ट सिऑडमॅक यांच्या ‘द किलर्स’ (१९४६) व ‘क्रिस क्रॉस’ (१९४९) या चित्रपटांत दरोडा आहे, तथापि कथेचा भर घातक प्रेमावर आहे. आखणी, माणसांची जुळवाजुळव, प्रत्यक्ष चोरी व नंतरची वाताहत हा क्रम कथेचा कणा बनला तो प्रस्तुत चित्रपटात, हे मत अधिक ग्राह्य वाटते. तिजोरी फोडणारा चियाव्हेली भिंत फोडून आत शिरतो, धोक्याची सूचना देणाऱ्या विद्युत्-किरणाखालून पाठीवर सरपटत जातो आणि नायट्रोग्लिसरीनने तिजोरी उडवतो. स्फोटाने शेजारच्या दुकानांतील धोक्याच्या घंटा वाजू लागतात. पहारेकऱ्याच्या हातून पडलेले पिस्तूल उडून गोळी चियाव्हेलीच्याच पोटात शिरते. गुन्हेगाराला शासन झालेच पाहिजे, असा हॉलिवुडच्या तत्कालीन निर्मितिसंहितेचा दंडक होता. त्यामुळे दरोडा फसणे अटळच होते. ह्यूस्टन यांनी ते अपयश योगायोग व स्वभावदोष यांतून घडवले, हे त्यांचे खरे कर्तृत्व. नाचणाऱ्या मुलीकडे काही क्षण पाहत राहिल्यामुळे डॉक पकडला जातो.

टोळीतील गुंड डिक्सच्या भूमिकेने स्टर्लिंग हेडन यांची कारकीर्द सावरली. पुढे दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ‘द किलिंग’ (१९५६) मध्ये ते फसलेल्या दरोड्याचे सूत्रधार झाले. १९५१ मध्ये त्यांनी कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे सहकाऱ्यांची नावे सांगितली व त्याचा पश्चात्ताप आत्मचरित्रात नोंदवला. जॅफी यांना व्हेनिस महोत्सवात अभिनयाचा पुरस्कार मिळाला, तरी कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून चित्रपटसृष्टीने केलेल्या बहिष्काराच्या ‘काळ्या यादी’मुळे पुढे त्यांना हॉलिवुडमध्ये काम मिळणे दुरापास्त झाले. एमरिकच्या प्रेयसीच्या छोट्या भूमिकेतून मेरिलिन मन्रो प्रथमच ठळकपणे नजरेत भरल्या. डिक्सवर प्रेम करणाऱ्या डॉलच्या भूमिकेतील जीन हेगन पुढे ‘सिंगिन इन द रेन’ (१९५२) मुळे गाजल्या.

याच कथेवर ‘द बॅडलँडर्स’ (१९५८) हा पश्चिमपट (वेस्टर्न) निघाला. २००८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत या चित्रपटाचा समावेश झाला.