स्मित

स्मित : ओठांचे कोपरे वर जाऊन चेहऱ्यावर उमटणारे, आवाज नसलेले हसू. बोलताना आपण नुसते ‘हसू’ म्हणतो. ‘हसे’ वेगळे, ते दुसरे लोक आपले करतात. मराठीत हसू मिश्कील असते, ओशाळे असते, कसनुसे असते, छद्मीही असते. कोणी गालातल्या गालात हसतो, कोणी मिशीतल्या मिशीत. यातले निम्मे प्रकार आनंदाचे नाहीत, आणि स्मिताचे फायदे सांगणारे बहुतेक जण नेमके हेच विसरतात.

भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार येतात. स्मित आणि हसित उत्तम पात्रांचे, विहसित आणि उपहसित मध्यमांचे, अपहसित आणि अतिहसित अधमांचे. स्मिताचे लक्षण असे : ‘ईषद्विकसितैर्गण्डैः कटाक्षैः सौष्ठवान्वितैः । अलक्षितद्विजं धीरम्’. गाल किंचित फुललेले, नजर डौलदार, आणि द्विज म्हणजे दात न दिसणारे. ‘हसतील त्याचे दात दिसतील’ ही म्हण म्हणजे पुढच्या पायरीची, हसिताची. या व्याख्येत ओठांचे नाव नाही. गाल आहेत आणि डोळे आहेत.

याच दोन जागांवर एकोणिसाव्या शतकात फ्रेंच वैद्य ग्योम द्यूशेन येऊन पोचला. त्याच्याकडे एक दात पडलेला वृद्ध रुग्ण होता. त्याच्या चेहऱ्याची संवेदना जवळजवळ गेलेली होती. द्यूशेनने त्याच्या चेहऱ्याला विजेची टोके टेकवून एकेक स्नायू आखडवला आणि त्याची छायाचित्रे घेतली. गालातला स्नायू आखडला की ओठांचे कोपरे वर जात, पण म्हातारा काही खूश दिसत नसे. डोळ्यांभोवतीचा स्नायू आवळला जाऊन कडांना सुरकुत्या पडल्या, तरच ते हसू खरे वाटे. त्याचा ग्रंथ १८६२ मध्ये निघाला, आणि चार्ल्स डार्विनने १८७२ च्या आपल्या पुस्तकात त्यातली छायाचित्रे वापरली. डोळ्यांपर्यंत पोचणाऱ्या हसूला आज ‘द्यूशेन स्मित’ म्हणतात. मात्र डोळे बारीक करून हसणे अनेकांना ठरवूनही जमते, तेव्हा ही खूण खरेखोटे ओळखायची हमखास कसोटी नव्हे.

ओल्या बाळंतिणीच्या खोलीत बाळ झोपेत हसले की घरातली म्हातारी माणसे म्हणतात, ‘सटवाई हसवतेय.’ हे हसू समोरच्या कोणासाठी नसते, हे त्यांनी बरोबर ओळखलेले असते. माणसाकडे बघून हसणे साधारण सहा ते आठ आठवड्यांनी सुरू होते. ते बघून शिकावे लागत नाही, कारण जन्मांध मुलेही हसतात. पण ते टिकायला समोरून उत्तर लागते. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. बाळाशी खेळणाऱ्या आईला त्याने काही मिनिटे चेहरा निर्विकार ठेवायला सांगितला. बाळ आधी तिच्याकडे बघून हसते. उत्तर येत नाही म्हणून पुन्हा हसते, हात पुढे करते. मग हळूहळू मान फिरवते, अंग चोरते.

मोठी माणसेही फार वेगळी वागत नाहीत. रॉबर्ट क्राउट आणि रॉबर्ट जॉन्स्टन यांनी बोलिंगच्या, म्हणजे चेंडू घरंगळवून पिना पाडायच्या खेळाच्या, खेळाडूंचे निरीक्षण करून १९७९ मध्ये लिहिले, की चेंडू नीट लागला तरी लाकडी पिनांकडे तोंड असताना खेळाडू फारसा हसत नाही. हसतो तो वळून सोबत्यांकडे बघताना. स्मिताचा पहिला लाभ असा दोघांमधला आहे. हसऱ्या चेहऱ्याकडे पाहणाऱ्याच्या गालाचे स्नायूही नकळत हलतात. चुकलेला माणूस हसला तर लोक नरमतात, हे १९९५ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले : परीक्षेत गैरप्रकाराचा आळ असलेल्या विद्यार्थिनीचे छायाचित्र हसरे असेल, तर परीक्षक तिला सौम्य शिक्षा सुचवत. ती दोषी नसेल असे मात्र त्यांना वाटत नव्हते.

स्वतःला होणाऱ्या फायद्याबद्दल दावे मोठे केले जातात, पुरावा त्या मानाने लहान आहे. १९८८ मध्ये फ्रिट्झ श्ट्राक आणि सहकाऱ्यांनी लोकांना पेन दातांत धरायला लावून चेहरा नकळत हसरा केला, आणि त्यांना व्यंगचित्रे जास्त मजेदार वाटल्याचे नोंदवले. २०१६ मध्ये १७ प्रयोगशाळांनी तोच प्रयोग केला, तेव्हा तो परिणाम दिसला नाही. २०२२ मध्ये १९ देशांतल्या सुमारे ३,८०० लोकांवरच्या अभ्यासात मधला निष्कर्ष निघाला : हसऱ्या चेहऱ्याची नक्कल केली किंवा मुद्दाम ओठांचे कोपरे ताणले, तर मन थोडे प्रसन्न होते, पेनची युक्ती मात्र तिथेही नीट सिद्ध झाली नाही. ताणाबाबत २०१२ चा एक प्रयोग वाचण्यासारखा आहे. त्यात लोकांना तोंडात चॉपस्टिक धरून बर्फाच्या पाण्यात हात बुडवायला सांगितले होते. हसऱ्या ठेवणीच्या चेहऱ्यांचे हृदयाचे ठोके नंतर काहीसे लवकर उतरले. फरक लहान होता. म्हणून हसल्याने आजार पळतात, हे व्हॉट्सअ‍ॅपवरचे वैद्यक इथून निघत नाही. ‘हसायला इतके स्नायू लागतात, कपाळाला आठ्या घालायला त्याहून कितीतरी जास्त’ हा हिशेबही कोणी मोजून केलेला नाही. दर वेळी आकडे बदलतात, यावरूनच ते कळावे.

हसू पगारात धरले गेले की चित्र पालटते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये हवाईसुंदरींच्या कामाचा अभ्यास करून ‘भावनिक श्रम’ ही संकल्पना मांडली : ठरवून दाखवलेली प्रसन्नता हेही कामच आहे, आणि आत एक, चेहऱ्यावर दुसरे असे दिवसभर ठेवल्याने माणूस शिणतो. नंतरच्या अनेक अभ्यासांत असे वरवरचे हसू थकव्याशी जोडलेले आढळले. काउंटरमागच्या मुलीने सकाळपासून शंभरदा ओठ ताणलेले असतात. तिला त्यातून प्रसन्नता मिळते असे म्हणणे, निदान प्रस्तुत लेखकाला, धाडसाचे वाटते.

स्मित दिसावेच लागते असेही नाही. ओठ ताणले की तोंडाची पोकळी आखूड होते आणि आवाजाची पट्टी किंचित चढते. पलीकडचा माणूस चेहरा न पाहता हसू ओळखतो, हे १९८० मधल्या प्रयोगांत दिसून आले. कॉल सेंटरमध्ये ‘हसत बोला’ असे शिकवतात आणि काही ठिकाणी टेबलावर छोटा आरसाही ठेवतात, तो यासाठीच.