सुरीला धार आहे, मग गाजर का तडकतं?

"सुरी एकदम चांगली आहे, कागद सर्रकन कापते." हे वाक्य ऐकलं की मला राहवत नाही. कागद कापला जातो तेव्हा परीक्षा धारेची होते, सुरीची नाही. धार चांगली असणं आणि सुरी चांगली असणं यांत मोठं अंतर आहे. सोलायला, देठ काढायला, एखाद-दुसरी फोड करायला दिवसभर हाताशी असते त्या आठ-दहा सेंटीमीटर पात्याच्या लहान सुरीत तर हे अंतर सगळ्यात जास्त जाणवतं.

धारेबद्दल लांबण लावत नाही, ती सगळ्यांच्या ओळखीची आहे. पात्याच्या दोन बाजू जिथे मिळतात ती कड म्हणजे धार. नीट लागलेली कड जेमतेम एखाद्या मायक्रॉनची असते, आणि माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. कड झिजली किंवा वळली की सुरी बोथट होते, दगडावर घासली की धार परत येते. टोमॅटोच्या सालीवर सुरी नुसती ठेवून जोर न देता ओढली आणि ती आत शिरली, तर धार आहे. विषय संपला.

खरा घोळ त्या कडेच्या लगेच मागे आहे. कडेपासून दोन, तीन, पाच मिलिमीटर वर गेल्यावर पातं किती जाड आहे, हे कुणीच बघत नाही. भाजीत पहिली कड शिरते हे खरं, पण तिच्या मागोमाग अख्खं पातं शिरायचं असतं. कुऱ्हाडीला वस्तऱ्यासारखी धार लावली, तरी ती लाकूड चिरणार नाही, फोडणारच, कारण कडेमागे पाचर आहे. जाड पात्याची सुरी भाजीत हेच करते, फक्त लहान प्रमाणात.

एक गाजर घ्या, बुडाशी चांगलं तीनेक सेंटीमीटर जाड, आणि आडवं कापा. पहिले काही मिलिमीटर जाड सुरी आणि पातळ सुरी सारख्याच जातील. मग जाड सुरी अडते. गाजर कडक असतं, वाकत नाही, त्यामुळे पात्याच्या दोन्ही बाजू त्याला आतून रेटू लागतात. तुम्ही जोर वाढवता, 'कट्' असा आवाज होतो आणि चकती उडून पडते. ती चकती उचलून तिचा कापलेला भाग उजेडाकडे धरा. वरचा पट्टा गुळगुळीत, ओलसर, चकाकणारा दिसेल. खालचा भाग खरबरीत आणि निस्तेज असेल. त्या खालच्या भागाला धार लागलेलीच नाही. तो कापला गेला नाही, फुटला. तडा सुरीच्या पुढे धावला आणि सुरी मागाहून मोकळ्या जागेतून खाली आली. पातळ सुरीने काढलेली चकती वरपासून खालपर्यंत एकसारखी चकाकते, आवाज होत नाही, चकती जागच्या जागी आडवी होते.

आता टोमॅटो आणि कागद का फसवतात ते बघा. टोमॅटो मऊ असतो, पातं शिरलं की त्याच्या दोन्ही बाजू आपणहून सरकतात. कागदाला तर जाडीच नाही, पात्याला रेटायला काही मिळतच नाही. लोकांच्या आवडीच्या या दोन्ही चाचण्यांत जाडीचा दोष दिसूच शकत नाही. म्हणून धारेसाठी टोमॅटो आणि पात्यासाठी गाजर, अशा दोन्ही चाचण्या घ्या.

लहान सुरीला हा दोष जास्त का भोवतो, त्यामागे साधा हिशोब आहे. समजा पाठीला २ मिलिमीटर जाड असलेलं पातं कडेपर्यंत सरळ उतरत गेलंय. मोठ्या सुरीची पाठीपासून कडेपर्यंतची उंची ४५ मिलिमीटर धरली, तर कडेपासून ५ मिलिमीटरवर पातं साधारण ०.२ मिलिमीटर जाड भरेल. तीच २ मिलिमीटरची पाठ २० मिलिमीटर उंचीच्या लहान सुरीला दिली, तर त्याच ठिकाणी जाडी ०.५ मिलिमीटर होते. दुपटीहून जास्त! लहान सुरीत पात्याला उतरायला जागाच कमी असते. म्हणून मोठ्या सुरीत शोभणारी भक्कम पाठ लहान सुरीत अडचण होते. हातात वजनदार लागते म्हणून 'मजबूत' ठरवून लहान सुरी घेणाऱ्यांना मी दरवेळी अडवते. लहान सुरीची पाठ एक ते दीड मिलिमीटर असली तरी भरपूर झाली.

या गोंधळातूनच दुसरी तक्रार येते: "धार लावून आणली, पण नव्यासारखी कापत नाही." धार लावताना कड झिजते आणि पाठीच्या दिशेने वर सरकते, म्हणजे दरवेळी ती जास्त जाड भागात जाऊन बसते. वरच्याच लहान सुरीची कड काही वर्षांत २ मिलिमीटर झिजली, तर नवी कड जिथे तयार होते तिथलं पातं आधीच ०.२ मिलिमीटर जाड असतं. कारखान्यातून कडेमागे ठेवलेली जाडी यात आणखी मिळवायची. खाचेत घालून ओढायच्या यंत्रांवर माझा राग आहे तो यासाठी. ती ठरावीक कोनात फक्त कड खरवडतात, मागची जाडी तशीच राहते.

माझ्या एका सुरीला मी तीनदा धार लावली. तिन्ही वेळा ती टोमॅटोवर अलगद चालली आणि तिन्ही वेळा गाजरात अडकली. पोलादच वाईट असावं असं धरून मी ती बाजूला ठेवणार होते. शेवटी तिचं पातं खरखरीत दगडावर जवळजवळ आडवं टेकवून दोन्ही बाजू घासल्या. कडेला हातच लावला नाही, तिच्या मागचा उंचवटा तेवढा उतरवला. तासभर गेला, पात्यावर ओरखडे आले, मग बारीक दगडावर नेहमीसारखी धार काढली. तीच सुरी, तेच पोलाद, पण गाजरातून आवाज न करता खाली आली. धार लावणं आणि पातं उतरवणं ही दोन वेगळी कामं आहेत. चार-पाच वेळा धार लावून झाली की एकदा पातं उतरवावंच लागतं.

विकत घेताना गाजर हाताशी नसतं. तेव्हा सुरीची टाच डोळ्यांसमोर धरा, म्हणजे मुठीजवळ पातं जिथे संपतं तो भाग. तिथून पात्याचा आडवा छेद दिसतो. तो पाठीपासून कडेपर्यंत एकसारखा निमुळता होत गेलेला हवा. खालपर्यंत जाड राहून अगदी शेवटी अचानक टोकदार होत असेल, तर सुरी परत ठेवा. मग पाठ चिमटीत धरून बोटं दोन्ही बाजूंनी कडेच्या दिशेने हळूच उतरवा, कडेच्या आधी थांबा. मध्ये खांद्यासारखा उंचवटा लागला तर तोच गाजरात अडणार आहे.

पातळपणाची किंमत मोजावी लागते, ती लपवत नाही. पातळ कड पिळली की दुखावते. मऊ पोलादाची वळते, कडक पोलादाला खाचा पडतात. बिया उचकटणं, डब्याचं झाकण उघडणं, गोठलेल्या वस्तूत खुपसणं ही तिची कामं नाहीत. त्यासाठी एखादी जाड, जुनी सुरी वेगळी ठेवा.

धार टिकणं ही आणखी तिसरी गोष्ट. सुऱ्यांच्या धारेसाठीच्या आयएसओ ८४४२-५ या आंतरराष्ट्रीय मानकातही सुरुवातीची धार आणि टिकणारी धार वेगवेगळी मोजतात. पोलादाचा कडकपणा सांगणाऱ्या रॉकवेल मापावर ५५ ते ५८ चं नेहमीचं पोलाद लवकर बोथट होतं पण लवकर धारही पकडतं, ६० च्या वरचं जास्त टिकतं पण दगडावर वेळ घेतं. लहान सुरीसाठी मी डोळे झाकून पहिलं निवडते.

बाकीच्या वादांत मला रस नाही. पातं घडवलेलं की पत्र्यातून कापलेलं, पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलंय का, पात्यावर लाटांची नक्षी आहे का, यावरून लहान सुरी कशी कापेल हे कळत नाही. पत्र्यातून कापलेल्या साध्या सुऱ्या बहुधा पातळच असतात, त्यामुळे माझा कल तिकडे.

मूठ मात्र बघा, आणि ती खऱ्या कामाच्या पकडीत बघा. लहान सुरी अर्धा वेळ पाटावर नसतेच, हवेत असते. सोलताना पातं तुमच्याकडे येतं, तर्जनी पाठीवर आणि अंगठा फळावर असतो. तशी धरून मनगट चार वेळा फिरवा. पाठीच्या कडा बोटाला चावत असतील, तर बारीक पॉलिश कागदाने त्या गोल करता येतात, दहा मिनिटांचं काम आहे. पण मूठ आणि पातं यांच्यामध्ये धातूचा जाड ठोकळा असेल आणि तो थेट टाचेच्या कडेपर्यंत उतरला असेल, तर ती सुरी मी घेत नाही. तो ठोकळा दगडावर आडवा येतो, टाचेला धार लागत नाही, आणि काही वर्षांत तिथे पात्याला पोकळ बाक पडतो.