लिव्हर-ॲक्शन रायफलसाठी ओतीव गोळीचा साचा

वितळलेले शिसे ओतून गोळ्या तयार करण्यासाठी वापरला जाणारा, दांडे लावलेला दोन पाखांचा धातूचा ठोकळा म्हणजे गोळीचा साचा. लिव्हर-ॲक्शन, म्हणजे घोड्याजवळचा दांडा खाली-वर करून काडतूस भरायच्या, रायफलसाठी तो घेताना नवखे नेमबाज आधी गोळीचे वजन बघतात. वास्तविक पहिला प्रश्न तिच्या नाकाचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, असतो.

या रायफलींपैकी बहुतेकींचे मॅगझिन, म्हणजे काडतुसे ठेवण्याची जागा, ही बॅरलखाली बसवलेली नळी असते. तीत काडतुसे एकामागे एक राहतात आणि प्रत्येक गोळीचे नाक पुढच्या काडतुसाच्या बुडाला, म्हणजे दारू पेटवणाऱ्या प्रायमरपाशी, टेकते. नाक टोकदार असेल तर झाडल्याच्या धक्क्याने ते प्रायमरवर आदळून मॅगझिनमध्येच काडतूस फुटण्याचा धोका असतो. म्हणून साचा रुंद सपाट नाकाचाच हवा. पेटीसारखे मॅगझिन असलेली विंचेस्टर 1895 आणि फिरत्या मॅगझिनची सॅव्हेज 1899 यांना हे बंधन नाही.

नाकाइतकीच अडचण लांबीची. काडतूस उचलून चेंबरसमोर (जिथे बसून ते झाडले जाते त्या जागेसमोर) आणणारी यंत्रणा ठरावीक लांबीपलीकडे चालत नाही. .30-30 विंचेस्टरच्या काडतुसाची कमाल लांबी 2.550 इंच (64.77 मिमी), तर .357 मॅग्नमची 1.590 इंच (40.39 मिमी) आहे. गोळीवरच्या क्रिंपच्या, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या कवचाचे तोंड आवळण्याच्या, खाचेपुढे नाक किती लांब आहे, यावर ही लांबी ठरते. कवचाचे तोंड त्या खाचेत घट्ट दाबलेले नसेल, तर मॅगझिनची स्प्रिंग आणि धक्का मिळून गोळीला कवचात आत ढकलतात. अमेरिकी नेमबाज व लेखक एल्मर कीथ यांच्या धर्तीच्या, लांब नाकाच्या आणि धारदार खांद्याच्या गोळ्या रिव्हॉल्व्हरमध्ये नावाजलेल्या; पण इथे त्या कधी लांबीने नडतात, कधी खांदा चेंबरच्या तोंडाशी अडकतो. गोलसर उतरत जाऊन सपाट होणारे नाक अधिक भरवशाचे.

जाडी मात्र छापील आकड्यावर सोडू नये. मऊ शिशाचा गोळा बॅरलमधून ढकलून बाहेर काढायचा, त्याचा सर्वांत मोठा व्यास, म्हणजे बॅरलच्या खाचांमधला व्यास, मायक्रोमीटरने मोजायचा आणि गोळी त्याहून 0.001 ते 0.002 इंच जाड ठेवायची, अशी रीत आहे. रायफली बनवणाऱ्या मार्लिन कंपनीने 1950च्या दशकात आणलेल्या मायक्रो-ग्रूव्ह बॅरलमध्ये आटे, म्हणजे आतले पीळदार कंगोरे, पुष्कळ पण उथळ असतात. तिथे बारीक गोळीला पकड मिळत नाही, आणि नाक आट्यांवर टेकेल अशा घडणीची गोळी सैल पडते. चेंबरमध्ये जागा असेल तर आणखी थोडी जाड गोळी घ्यावी.

वजनाचा विचार यानंतर. बॅरलमधील आट्यांचा पीळ मंद असेल, उदा. मार्लिनच्या .44 मॅग्नम रायफलींत 38 इंचांत एक वेढा, तर फार लांब, जड गोळी उडताना स्थिर राहीलच असे नाही. साच्यावर दिलेले वजनही एका विशिष्ट मिश्रधातूचे असते. कथील आणि अँटिमनीचे प्रमाण वाढले की तोच साचा हलकी गोळी देतो. .30-30च्या पूर्ण वेगासाठी बुडाशी तांब्याची छोटी वाटी, म्हणजे गॅस चेक, बसेल असा साचा लागतो. मंद वेगाच्या काडतुसांना साधे बूड पुरते. साचा लोखंडाचा, पितळेचा की ॲल्युमिनियमचा, हा बराचसा सवयीचा भाग आहे: ॲल्युमिनियम लवकर तापते पण हयगय सोसत नाही, लोखंड टिकते पण गंजते.