२७ ऑगस्टला दोन चंद्र? छे!

ऑगस्ट उजाडला की व्हॉट्सॲपवर ठरलेला मेसेज येतो: २७ तारखेला मंगळ चंद्राएवढा दिसणार! असलं काही होत नाही. मूळ घटना खरी, पण २००३ ची. त्या २७ ऑगस्टला मंगळ सुमारे ५.५८ कोटी किलोमीटरवर होता. जवळपास ६० हजार वर्षांत इतका जवळ आला नव्हता. तेव्हाच्या ईमेलमध्ये म्हटलं होतं, की ७५ पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून मंगळ नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा भासेल. फॉरवर्ड होता होता दुर्बीण गळाली, चंद्र तेवढा उरला! नुसत्या डोळ्यांना तेव्हाही तांबूस ठिपकाच दिसला, चंद्राच्या सुमारे ७५ व्या हिश्श्याएवढा. शिवाय मंगळ जवळ येतो साधारण २६ महिन्यांनी, दर ऑगस्टला कुठून येणार? पुढची खेप फेब्रुवारी २०२७ मध्ये.